पांढरा गंज

वारूळवाडी,
२९ ऑगस्ट २०२५

ती. कुंडलिकमामा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, बाकीचं नंतर.

मी लिहिलं होतं की तुमच्या होडीच्या डोलकाठीच्या बुंध्याला आणि शिडाची आडवी काठी, तो बूम, जिथे जोडतो तिथे थोडा चुना लागलाय, तो फडक्याने पुसला आणि खालचा धातू चांगला आहे. तो चुना नव्हता. तो गंज आहे. जन्मल्यापासून आमच्या शेडमध्ये लोखंडच पाहिलं. तमाशाच्या तंबूचे खांब, मांडवाचे पाइप, सगळे तांबडे गंजतात. शाळेत जायच्या आधी दादांनी मला टेप वाचायला शिकवला आणि गंज ओळखायलाही शिकवलं, पण तो तांबडाच. ॲल्युमिनियमचा गंज पांढरा असतो हे मला परवा कळलं. खिडक्यांचं काम करणारा एक जण ड्रिल मागायला आला होता, त्याने बोट लावून सांगितलं. मग मी खिळ्याने रंग खरवडला. रंगाखाली फोड होते आणि प्रत्येक फोडात तीच भुकटी.

तेव्हा माझ्या शब्दावर तुम्ही रंग मागवला असेल तर थांबवा. वरून रंग दिला असता तर तुम्हाला कळलंही नसतं आणि मलाही नाही. हे मनात आलं की मला बसवत नाही.

बाकी डोलकाठी सुखरूप आहे. तुमच्याकडून इकडे येताना माळशेजच्या वळणांत टेम्पोवाल्याने शेपटाला बांधलेलं लाल फडकं उडून गेलं, एवढंच नुकसान. तंबूवाले गेणभाऊ काल खांब दुरुस्तीला आले होते. त्यांनी ती एका हाताने उचलली आणि दादांना म्हणाले, "राव, ह्याच्या पोटात काय न्हाईच की. ह्याच्यावर पावणं समुद्रात जात्यात?" दादा हसले. मला हसू आलं नाही.

दादांचं म्हणणं, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासू, नाहीतर कॉस्टिक सोड्याने धुऊ. मी हात लावू दिलेला नाही. तुम्ही कळवाल तसं करीन. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲप तुम्ही ठेवत नाही, म्हणून स्पीड पोस्ट करते आहे.

रत्नाआत्याच्या फोटोला आईने गौरीसाठी शिवलेला नवा हार घातलाय. आत्या गेल्यावरही तुम्ही गणपतीला सासुरवाडीला यायचात, यंदा आला नाहीत म्हणून सगळ्यांना चुकल्यासारखं वाटलं.

तुमची,
उज्ज्वला

*

कारंजा, उरण,
४ सप्टेंबर २०२५

उज्ज्वला,

चूक सांगायला तू जेवढा कागद घालवलास तेवढ्या वेळात मी अर्धी होडी खरवडली असती. पण बरं केलंस. नौदलात मी किती कारागीर पाहिले. चूक स्वतःहून कळवणारा सापडला की त्याच्या हातचं काम मी दुसऱ्यांदा तपासत नसे.

आता ऐक. तारेचा ब्रश नको. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच पुन्हा फोड येतात. कॉस्टिक सोडा तर अजिबात नको, तो गंजाबरोबर धातूही खाईल. जुना रंग हाताने खरवडायचा, मग पाण्यात बुडवलेला पॉलिश पेपर, मग साध्या पाण्याने भरपूर धुणं. वाळली की त्याच दिवशी प्रायमर द्यायचा. ॲल्युमिनियमचा वेगळा प्रायमर येतो, डबा मी पाठवतो आहे. उद्यावर ढकललंस तर सगळी मेहनत वाया. उघडं ॲल्युमिनियम हवेत लगेच मळतं.

मुळात हे का झालं ते सांगतो. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या ओलीत राहिले की त्यांतला एक दुसऱ्याला खातो. स्टीलच्या स्क्रूंनी तुझ्या डोलकाठीला खाल्लंय. नवे स्क्रू बसवताना मध्ये प्लास्टिकची पट्टी घाल आणि पेस्ट लाव. तांबं तर सगळ्यांत खादाड. काम चालू असेल तिथे तांब्याची तारसुद्धा ठेवू नको.

बुंध्याचं टोपण काढून आत बघ. ती होडी आणल्यापासून मी ते उघडलेलं नाही. डोलकाठी बुंध्यात गेली तर सगळी गेली, सगळा भार तिथेच येतो.

गेणभाऊला सांग, पोट रिकामं म्हणूनच ती उभी राहते.

मी आंबेगावच्या डोंगरातला माणूस, घोड नदीत पोहायला शिकलो आणि आयुष्य खाऱ्या पाण्यात काढलं. आता अडुसष्टाव्या वर्षी मला घरात बसायला सांगतात. असो.

मामा

*

वारूळवाडी,
१३ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

प्रायमरचा डबा मिळाला. बूम पूर्ण झाला. खरवडला, घासला, धुतला आणि दुपारी ऊन असतानाच प्रायमर दिला. नंतर दोन हात रंग. त्याच्यावर खड्डे आहेत पण उथळ, मी प्रत्येक खड्ड्यात खिळा टोचून पाहिला. बूमबद्दल मी खात्रीने सांगू शकते.

डोलकाठीचे स्क्रू निघता निघेनात. डिझेल घालून ठेवलं, मग गरम करून काढले. एक तुटला. तो मी ड्रिलने काढला, भोक किंचित मोठं झालं. ते तुम्हाला चालेल का?

बुंध्याचं टोपण उघडलं. आत गंज आहे, आणि तो स्क्रूंमुळे नाही. कशामुळे ते मला दिसलं. आत एक वस्तू सापडली. दादांनी ती पाहिली आणि त्यांनी मला शपथ घातली की दाजींना, म्हणजे तुम्हाला, यातलं काही लिहायचं नाही. शपथ मला मोडवत नाही आणि तुमच्यापासून लपवणंही जमत नाही. म्हणून इतकंच लिहिते, की एक गोष्ट मी तुम्हाला सांगत नाही आहे. हे तुम्हाला माहीत असू द्या.

बुंध्याची भिंत एका बाजूने पातळ झाली आहे. खिळा दाबला तर आत जातो. मला वाटतं तेवढा भाग कापून टाकायला हवा. दादा नको म्हणतात.

मी एका वाडग्यात मिठाचं पाणी करून खिडकीच्या ॲल्युमिनियमचा एक तुकडा बुडवून ठेवला आहे, तुम्ही सांगितलेलं डोळ्यांनी बघायला. पहिल्यांदा आईने लिंबाच्या लोणच्याचं पाणी समजून ते ओतून दिलं. पुन्हा केलं आहे.

उज्ज्वला

*

कारंजा,
१९ सप्टेंबर २०२५

उज्ज्वला,

तुला जे लिहिता येत नाही ते मी ओळखलं. वैजूने तुमच्याकडे फोन केला असणार. लेक माझी असली तरी तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. डोलकाठी लवकर देऊ नका, काहीतरी कारण सांगा, असं ती म्हणाली असेल आणि तुझ्या बापाने मान डोलावली असेल. बुंधा पातळ आहे, कापायला हवा, मग वेळ लागेल, मग दिवाळी होईल, मग थंडी. मला कळतं हे सगळं.

तू भली आहेस, म्हणून तुला खरं सांगतो. हे पत्र कुणाला दाखवू नको.

कार्तिकी पौर्णिमा झाली की मी निघणार आहे. एकटा. किनारा धरून, दिवसा चालवत, मुक्काम करत जयगडपर्यंत. वैजूचं घर तिथे खाडीवरच आहे. ती गेली दोन वर्षं मला होडी विका म्हणते. डॉक्टर म्हणतात, जावई म्हणतो, शेजारी म्हणतात. माझे कान गेले, हात नाही गेले. तिच्या दारासमोर शीड उतरवून उभा राहिलो की ती पुढे बोलणार नाही. मग हवं तर विकीन. पण घाबरून विकणार नाही.

मी घरच्यांना सांगितलंय की डोलकाठी फक्त रंगवून आणतोय, होडी अंगणात उभी राहील, शोभेला. तेवढं सांगितलं म्हणून तर त्यांनी ती तुमच्याकडे पाठवू दिली.

तेव्हा तुला एकच विनंती, तिला समुद्रावर जायचंय हे लक्षात ठेवून काम कर. भोक थोडं मोठं झालं तर चालेल, मोठा स्क्रू घाल.

मामा

*

वारूळवाडी,
३ ऑक्टोबर २०२५

दाजी, सुभाषचा नमस्कार.

पत्र लिहायची आमाला सवय न्हाई, पन उज्ज्वला घरी न्हाई म्हनून मीच लिवतो. तिच्या मावशीचं आपरेशन झालं, ती घटाच्या आधीपासून अवसरी खुर्दला हाय.

डोलकाठी तयार हाय. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांबरोबर तिचीबी पूजा केली. त्याच्या आदी खड्डे भरून घेतले, घासून गुळगुळीत केली, पांढरा रंग मारला, वर चकाकी मारली. गेणभाऊ म्हनला, सुभाष, ह्यो खांब आमच्या तंबूत मधोमध लाव, लोक नाच सोडून खांब बघत्याल. लई नामी झालीय.

वैजूचा फोन व्हता. ती म्हनली, मामा, बाबांना अंगनात उभी करायचीय, बघून त्यांच्या जिवाला बरं वाटंल. मंग म्या मन लावून केली. आक्का असती तर खूश झाली असती. तिच्या हातचं जे हाय ते म्या तसंच ठिवलंय.

टेम्पो पाठवा. भाड्याचं मी बघतो, तुमी बोलायचं न्हाई.

सुभाष

*

कारंजा,
६ ऑक्टोबर २०२५

उज्ज्वला,

सुभाषचं पत्र आलं. वाचून मी एकटाच हसलो. माणूस दोन ओळी लिहायला कुरकुरतो आणि पान भरून लिहिलं. म्हणजे बुंध्याचं एवढं काही नव्हतं. तू काळजी करणारी, तुला खिळा जरा जास्तच आत गेलेला दिसला असेल. मीही तुमच्या सगळ्यांवर उगाच संशय घेतला, त्याची लाज वाटली.

'आक्काच्या हातचं' म्हणजे काय ते मला कळलं नाही. रत्नाने त्या होडीला कधी रंगाचा हात लावल्याचं आठवत नाही. असेल काही भावाबहिणीचं.

टेम्पो धनत्रयोदशीला, शनिवारी १८ तारखेला येईल. शीड दुरुस्त करून घेतलंय. दोऱ्या नव्या आहेत. पाण्याचे कॅन, टॉर्च, बिस्किटं, सगळं काढून ठेवलंय. मी वीस वर्षांनी लहान झालोय असं समज.

तू पत्र का लिहिलं नाहीस? मावशी बरी आहे ना?

मामा

*

वारूळवाडी,
१० ऑक्टोबर २०२५

ती. मामा,

मावशी बरी आहे. तुमचं १९ तारखेचं पत्र अवसरीला माझ्या पिशवीत होतं. त्याला मी उत्तर लिहिलं आणि फाडलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा फाडलं. तुमचं लपवायचं तर दादांना फसवायचं, दादांचं लपवायचं तर तुम्हाला. मला वाटलं घरी जाऊन तोंडाने बोलू, सगळं सुटेल. मी घरी पोचले तर डोलकाठी रंगवून झाली होती.

ती दिसायला फार सुंदर आहे. तेच मला सहन होत नाही. शेडमध्ये ती दोन लोखंडी घोड्यांवर आडवी होती, वर झेंडूचा वाळका हार होता, आणि तिच्यात माझा चेहरा दिसत होता. मी बुंध्याशी बसले आणि खिळा टोचला. खिळ्याबरोबर लांबी निघाली. मोटारीच्या डेंटला भरतात ती. दादांनी सगळे खड्डे तिने भरलेत, बुंधासुद्धा, आणि वरून रंग. तंबूच्या खांबाला हे चालतं. पोचा आला की भरायचा, लोकांना लांबून दिसतो.

आता ती गोष्ट सांगते. शपथ मोडते आहे. दादांना तसं सांगून मोडते आहे, त्यांच्या मागे नाही.

बुंध्याच्या टोपणात पिवळ्या कापडाची पुरचुंडी होती. कापड काळं पडलं होतं. आत सुपारी आणि तांब्याचा जुना पैसा. आमच्याकडे दर हंगामाला तंबूचा पहिला खांब उभा करताना त्याच्या तळाशी हळद लावून तांब्याचा पैसा ठेवतात, मांडवाच्या मेढीला ठेवतात तसाच. आजोबा ठेवायचे, आता दादा ठेवतात. लहानपणी तो पैसा ठेवायचं काम आत्याचं होतं. तुमची होडी नवीन आली तेव्हा तिने डोलकाठीच्या पायात तो ठेवला असणार. तुम्हाला सांगितलं नसेल, तुम्ही हसला असता.

मामा, बुंधा त्या पैशाने खाल्ला. तुम्ही लिहिलं होतं, तांबं सगळ्यांत खादाड. मी नंतर आणखी एका वाडग्यात, मिठाच्या पाण्यातच, खिडकीच्या तुकड्यावर तसाच एक पैसा ठेवला होता. अवसरीहून आल्यावर पाहिलं, पैशाच्या खालीच तेवढं खोल खाल्लं गेलंय, पांढरा लगदा झालाय. दुसरा तुकडा नुसत्या मिठाच्या पाण्यात होता, तो जवळजवळ तसाच आहे. मी दोन्ही कागदात गुंडाळून या पत्राबरोबर पाठवते आहे, म्हणजे माझ्या शब्दावर राहायला नको.

आत्याचा राग धरू नका. ती काठी पडू नये म्हणूनच तिने ते केलं. मला हे तुम्हाला लिहायचं नव्हतं. पण तुम्हाला माहीत नसेल तर होडीत ज्या खाचेत डोलकाठी बसते तिथेही एखादा पैसा असेल आणि तो तिथेच राहील. कृपा करून बघा.

दादांनी पुरचुंडी परत आत ठेवली आहे. तीच पुरचुंडी, तोच पैसा. मी विचारलं, "दादा, हे परत कशाला घातलं?"

ते पॉलिशचं फडकं झटकत राहिले. मग म्हणाले, "आक्कानं ठिवलंय ते. तिच्या हातचं आता दुसरं काय ऱ्हायलंय आपल्याकडं?"

मी म्हटलं की त्यानेच बुंधा गेलाय.

"जाऊ दे की. ती काठी दारात उभी ऱ्हानार. दारातली काठी कुनाच्या अंगावर पडती?"

आई ओट्यावरून ऐकत होती, तीही म्हणाली की मुलीने उगाच बापाच्या मागे लागू नये, एवढं छान काम केलंय. मी काय बोलणार होते? ती दारात उभी राहणार नाही, तुम्ही ती घेऊन एकटे जयगडला जाणार आहात, हे मला माहीत होतं आणि दादांना नव्हतं. दादांनी खोटं काम केलं नाही, मामा. तुम्ही त्यांना जेवढं सांगितलंत तेवढ्याला ते पुरेसं आहे. आणि तुम्ही माझ्या काळजीला हसून म्हणता की खिळा जरा जास्त आत गेला असेल. तुमचं ते पत्र मी दुपारी वाचलं आणि तेव्हापासून मला समुद्रच दिसतो आहे, जो मी दोनदाच पाहिलाय. वारा भरलाय, तुम्ही शीड ओढताय, आणि खाली लांबीने भरलेला बुंधा. तुम्हाला तडकण्याचा आवाजही येणार नाही.

म्हणून मी ठरवलंय ते लिहिते. तुम्हाला आधी कळावं.

टेम्पो १८ ला पाठवू नका.

तुम्ही निघणार आहात हे मी दादांना सांगणार आहे. तुम्ही कुणाला सांगू नको म्हणालात, ते मला पाळता येत नाही, क्षमा करा. पण ते तुमच्याकडून कळलं तर त्यांना कमी लागेल. हे पत्र सोमवारी तुमच्या हातात पडेल. मंगळवारी दादांना फोन करा, ऐकू आलं नाही तरी चालेल, तुम्ही फक्त बोला. शेजारच्यांकडून निरोप द्या. तुमचं काहीच आलं नाही तर मंगळवारी संध्याकाळी मी सांगेन. वैजूताईला मी स्वतः काही कळवणार नाही. दादा कळवतील, त्यांना मी अडवणार नाही.

तुम्ही जावं की नाही हे मी सांगणारी कोण? मला ते कळतही नाही. तुमचे हात चांगले आहेत असं तुम्ही म्हणता, मी ते मानते. पण माझ्या हातून जाणारी डोलकाठी कशी असावी ते मला ठरवता येतं.

बुंध्याचा खराब भाग कापायचा. किती, ते मी आतून बोट फिरवून, ठोकून आवाज ऐकून ठरवलंय आणि बाहेरून खडूची रेघ मारली आहे. रेघेच्या वरचा धातू खणखणीत वाजतो. कापल्यावर काठी तेवढी आखूड होईल, म्हणून होडीतल्या खाचेत तेवढ्याच उंचीचा ठोकळा बसवावा लागेल, जाड प्लास्टिकचा, धातूचा नको. त्याचं माप मी कापल्यावर पाठवीन, आधी नाही. मग सगळी लांबी काढायची, सगळा रंग काढायचा, जिथे जिथे खड्डा दिसेल तो उघडा ठेवून तपासायचा, आणि प्रायमर त्याच दिवशी. पौर्णिमेपर्यंत होईल का, मला माहीत नाही. नाही झालं तर तुम्ही थांबाल ना? यावर तुम्ही काय म्हणाल याची मला सगळ्यांत जास्त धास्ती आहे.

कापताना पुरचुंडी दादांच्या हातात देईन. तिचं काय करायचं ते त्यांनी बघावं, त्यांची बहीण आहे. फक्त डोलकाठीत नको.

चोरून करणार नाही. मंगळवारी मांडववाल्यांचे खांब जातात, दुसऱ्या दिवशी शेड मोकळी असेल आणि दादा घरीच असतील. ते ओरडतील, कदाचित करवत हातातून घेतील. घेतली तर मी पुन्हा मागीन. एकदा कापलं की परत जोडता येत नाही, हे मला त्यांच्याइतकंच कळतं, त्यांनीच शिकवलंय. रेघ मी आज तीनदा मोजली आणि उद्या पुन्हा मोजणार आहे.

बुधवार, १५ ऑक्टोबर. सकाळचा चहा झाला की मी करवत लावणार.

उज्ज्वला